सव्वातीनचा शब्द

वरचा मळा, इनामगाव, ता. शिरूर
८ एप्रिल २०२५

प्रिय माऊली,

रामराम. जवळजवळ तीन वर्षांनी लिहितोय, म्हणून पहिली ओळ चार वेळा खोडली. शेवटी रामरामच बरा वाटला.

तुझा पत्ता पप्पूनं दिला. भांडगावला त्याच्याच कंपनीत तू मेंटेनन्सला आहेस म्हणाला. नवा फोन नंबर कुणाला द्यायचा नाही असं तू त्याला बजावलंयस, तो त्यानं दिला नाही. पत्त्याबद्दल तू काही बोलला नव्हतास म्हणे. त्याच्यावर चिडू नको.

तुझ्या आईचे, कस्तुराकाकूंचे, गुडघे कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार सांग. इकडं ऊस तुटून गेला, रानं मोकळी झाली, त्यामुळं बिबट्या आता दिवसाढवळ्या दिसतो. मागच्या आठवड्यात माझी समृद्धी शाळेतून येत होती, तर हा बांधावर बसलेला. पोरगी घाबरली पण दप्तरातल्या वॉकीटॉकी सेटवर बोलली, आणि पाच मिनिटांत चार माणसं तिच्यापाशी पोचली. नदीच्या त्या खोलगटात मोबाईलला रेंज नसते, तुला माहीतच आहे. तू आणि मी टेकडीवर तो रिपीटर बसवला नसता तर तिनं कुणाला हाक मारली असती? त्या दिवशी तुझी फार आठवण झाली.

आता कामाचं. रिपीटर बदलायचा आहे.

तुला आठवत असेल, बसवताना पोपटराव आबांनी विचारलं होतं, हे यंत्र नेमकं करतं काय. तू म्हणालास, "आबा, ह्यो टेकडीवरचा निरोप्या. खालून ऐकतो आन् वरनं मोठ्यानं सांगतो." तो निरोप्या आता दर पावसाळ्यात मरतो. आभाळ भरून आलं, पॅनलला ऊन मिळालं नाही, की तिसऱ्या दिवशी बॅटरी बसते. नदीला पाणी येतं ते नेमकं तेव्हाच. म्हणून आपल्या नदीकाठ शेतकरी गटानं ठरवलंय की मृगाच्या आत नवं काहीतरी लावायचं, आणि निवड माझ्यावर सोपवलीय. मला एकट्याला ती करवत नाही.

तीन गोष्टी समोर आहेत. पुण्यातल्या दुकानदाराकडं तयार रिपीटर आहे. आवाज खणखणीत, पण नुसता गप्प बसून ऐकायला पाऊण अँपिअर खातो, तेही दिवसरात्र. त्याला दोन मोठी पॅनलं आणि दोघांनी उचलायची बॅटरी लागेल. त्या टेकडीवर ती न्यायची कशी, आणि वाऱ्यात टिकवायची कशी? दुसरा उपाय आपल्यासारखाच, हातातल्या सेटांची जोडी. एकानं ऐकायचं, दुसऱ्यानं बोलायचं. तो पहिल्याच्या सहाव्या हिश्श्याच्या विजेत भागतो, पण तीन ढगाळ दिवसांच्या पुढं जात नाही, हे आपण भोगलंय. तिसरी एक लहानशी सर्किटची पाटी आहे, बेंगळुरूकडचा एक जण हातानं बनवून देतो. ऐकताना फक्त तीस मिलिअँपिअर. आपल्या आहे त्या पॅनलवर आठवडाभर बिनउन्हाची निघेल. पण बोलण्याची ताकद दोनच वॅट, आणि कुणी वापरून पाहिलेली नाही.

एक गोष्ट मला आता कळली, तेव्हा कळायला पाहिजे होती. रिपीटर दिवसातून दहा मिनिटं बोलतो आणि बाकी सगळा वेळ कान देऊन बसलेला असतो. वीज जाते ती त्या कान देण्यात. म्हणजे सामान निवडायचं ते त्याच्या बोलण्यावरून नव्हे, गप्प बसण्यावरून निवडायचं.

बैठकीत पोपटराव आबांनी मला एकदम विचारलं, "त्या साली तर धा दिस चालला व्हता की. आभाळ असंच व्हतं. तवा कसा काय चालला?" मी म्हणालो, आबा, तेव्हा बॅटरी नवी होती. ते खोटं नव्हतं. बॅटरी नवीच होती.

असो. तुझं मत दोन ओळींत कळव.

परवा तुझी अंजनाताई दूध घालायला आली होती. तुझं नाव तिच्यासमोर अजून कुणी घेत नाही, मीही घेतलं नाही. ती म्हणाली, "सत्या, ह्यांचा सेट जरा बघशील का? अर्धंच बोलतोय." दाजींचा सेट तिनं अजून चालू ठेवलाय हे मला माहीत नव्हतं. रोज पुसते, रोज चार्जिंगला लावते. मी विचारलं, अर्धं म्हणजे कसं? तर म्हणाली, "एकच शबुद येतो आन् गप होतो. रोज सव्वातीनला."

कुणाच्या तरी कमरेच्या सेटचं बटण दाबलं जात असेल. बघून येतो.

तुझा,
सत्यजीत


वरचा मळा, इनामगाव
२९ एप्रिल २०२५

प्रिय माऊली,

तुझं उत्तर आलं नाही. पत्र पोचलं एवढं पप्पूकडून कळलं. हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच. मी हे दुसऱ्या कुणाला लिहू शकत नाही.

ताईकडं गेलो ते अडीचला. ऊन असं होतं की अंगणातलं कुत्रंसुद्धा रांजणाखालून हललं नाही. सेट भिंतीतल्या फळीवर होता, खाली हातानं विणलेला रुमाल. मी उघडून पाहिला. बॅटरी ठीक, बटण ठीक, आवाजाची खुंटी ठीक. माझा सेट कमरेला होताच. ताईनं चहा टाकला आणि म्हणाली, "आता बस. हालू नको."

सव्वातीनला दोन्ही सेटांचा आवाज एकदम उघडला. खरखर झाली, आणि शब्द आला.

"खालच्या."

बस, एवढाच. मग बंद.

माऊली, तो दाजींचा आवाज होता. मी खूप वेळ स्वतःला सांगत बसलो की नसेल. पण "ल"वर जीभ जड पडायची ना त्यांची, दात पडल्यापासून, तसाच. धापा टाकत बोलल्यासारखा. ताई चहा गाळत राहिली. "व्हळीपासून येतोय," म्हणाली. "आधी म्या भ्याले. आता वाट बघते."

मग तिनं जे बोलून दाखवलं ते तुला सांगितलंच पाहिजे. म्हणाली, "ते खालच्या बंधाऱ्यावर व्हते. त्येच सांगत्यात. म्हंजी त्या दिशीबी त्यांनी सांगितलंच आसणार. माझ्याच भावानं ऐकलं न्हाई."

तो दिवस मला लिहून काढायचा नव्हता. तुलाही वाचायचा नसेल. वरच्या धरणातून पाणी सोडल्याचा निरोप आला आणि दाजी नदीवरची मोटार काढायला गेले. मोटार वरच्या बंधाऱ्यावर असते हे सगळ्यांना ठाऊक. त्यांनी ती चार दिवसांपूर्वीच खालच्या बंधाऱ्यावर हलवली होती हे कुणालाच माहीत नव्हतं. मोटार काढेपर्यंत पाणी दोन्ही बाजूंनी आलं. दुपारी सव्वातीनला सेटवर ते बोलले आणि गटाच्या खोलीत ते तू ऐकलंस: "बंधाऱ्यावर अडकलोय, दोर आना." तू म्हणालास, "आलो दाजी, तिथंच थांबा." आणि ट्रॅक्टर घेऊन तू वरच्या बंधाऱ्याकडं गेलास, तीन किलोमीटर उलट्या दिशेला. दुसऱ्या दिवशी दाजी खालच्या बंधाऱ्याच्या खांबाला अडकलेले सापडले, कमरेचा सेट तेवढा शाबूत. कुठला बंधारा ते तू विचारलं नाहीस, असं आबा म्हणाले. गाव म्हणालं. आणि ताई जे म्हणाली ते ऐकून तू महिन्याभरात गाव सोडलंस.

आता ताईनं आबांनाही बोलावून ऐकवलंय. आबांनी टोपी काढली. मग म्हणाले, "सांगत तर व्हता बिचारा. ऐकणाराचं कान कुठं व्हतं कुणास ठावं." तीन वर्षांत तुझं नाव थोडं मागं पडलं होतं, ते पुन्हा पारावर आलं.

मी दुसऱ्या दिवशी भर दुपारी टेकडीवर गेलो. मनाशी म्हटलं, कुठंतरी बिघाड असेल, तो सापडेल. पेटी उघडली. तुझ्या हातानं लिहिलेलं "हात लावू नये" अजून तसंच आहे. मीटर जोडला. आपल्या रिपीटरवर दोन दिवे आहेत, ऐकताना हिरवा लागतो, बोलताना तांबडा. कुणी खालून बोललं की आधी हिरवा, मग तांबडा, हा नियम. सव्वातीनला तांबडा लागला. हिरवा लागलाच नाही. कमरेच्या सेटवर "खालच्या" आलं. आणि मीटरचा आकडा जागचा हलला नाही. बोलायला वीज लागते माऊली. एक शब्द बोलायलासुद्धा दीड अँपिअर ओढला जातो, आकडा उडतो. मी महिनाभर कमीत कमी वीज खाणारं यंत्र शोधतोय, आणि माझ्यासमोर ते काहीच न खाता बोललं.

तिसऱ्या दिवशी मी फ्यूज काढून खिशात घातला, बॅटरीची तार सोडवली, पॅनलवर पोतं टाकलं. आता टेकडीवर जिवंत असं फक्त मी होतो. पेटीच्या सावलीत बसून राहिलो. खाली उतारावर रखमाजी मामा मेंढरं चारत होते. तीनच्या सुमारास वारा पडला. टिटव्या ओरडत होत्या त्या थांबल्या. मग पाहिलं तर सगळी मेंढरं चरायचं सोडून एकाच बाजूला तोंड करून उभी, नदीकडं. साठ-सत्तर मेंढरं, एक कान हलत नव्हता.

दिवे दोन्ही विझलेले होते. शब्द आला.

मी खाली उतरलो. रखमाजी मामांनी मला पाहिलं आणि काठीवर रेलून म्हणाले, "ऐकलं का?" त्यांच्याकडं सेट नाही. मी विचारलं, मामा, तुम्हाला काय ऐकू आलं? म्हणाले, "मला काय न्हाई. मेंढरं ऐकत्यात. ह्या टायमाला रोजच नदीकडं बघत्यात. म्या उद्यापासून दुसऱ्या माळावर जातो."

त्या रात्री मी जेवलो नाही, हे लिहायला नको. पण भीती कशाची वाटली हे लिहितो. दाजींची वाटली नाही. दाजी माझ्याशी नेहमी चांगलेच वागले. भीती वाटली ती त्या शब्दाची. इथं सगळ्यांना वाटतंय तो आजच्या दुपारी येतो. मला माहीत आहे तो कुठून येतो. तो त्या दिवसाचाच आहे. त्या दिवशी जो पोचला नाही तो.

याच्यापुढं आज लिहवत नाही.

सत्यजीत


वरचा मळा, इनामगाव
३ जून २०२५

माऊली,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "तिसरा घे. मला परत लिहू नको." पहिली ऐकली. दुसरी ऐकली नाही, हे समोर आहेच.

मागच्या पत्रात मी दारापर्यंत येऊन परत फिरलो. आता आत येतो.

त्या साली आषाढात तीन दिवस ऊन पडलं नाही आणि रिपीटर मेला. नवा होता, गावासमोर नारळ फोडून बसवलेला. आबा चारचौघांत म्हणाले, "सत्यजीतचं यंतर सावलीत न्हाई चालत." लोक हसले. तूही हसलास, पण तू चेष्टेनं हसलास. मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी तुला न सांगता एकटा वर गेलो आणि ऐकणाऱ्या सेटमधली वीज वाचवायची सोय चालू केली. कंपनीनं ती हातात धरायच्या सेटसाठी दिलेली असते, रिपीटरसाठी नव्हे. ती चालू केली की सेट झोपतो. दर दीड सेकंदानं डोळा उघडून बघतो कुणी हाक मारतंय का, आणि पुन्हा झोपतो. हाक आली की जागा होतो, पण तो जागा होईपर्यंत बोलणाऱ्याचा पहिला शब्द गेलेला असतो. एकदा जागा झाला की मग पुढचं सगळं नीट.

हे मला माहीत होतं. पुस्तिकेत वाचलं होतं, आणि टेकडीवर उभं राहून दोन सेटांनी करूनही पाहिलं होतं. तरी तसंच ठेवलं, कारण बॅटरी चालली. दहा दिवस चालली. आबा म्हणाले, "आता जमलं." ते दहा दिवस मी छाती काढून फिरलो.

लोकांना जाणवलं नाही असं नाही. तूही एकदा म्हणालास, सुरुवातीचं तुटतंय. मी तुला काय सांगितलं आठवतं? तू बटण दाबायच्या आधी बोलायला लागतोस. सगळ्यांना तेच सांगितलं. दाजी डेअरीपाशी भेटले, सायकलला कॅन अडकवत म्हणाले, "सत्या, तुझा सेट पैला शबुद खातोय रं." मी त्यांनाही तेच म्हणालो. ते हसले. "आसंल बाबा. माझीच घाई." त्यांनी मोटार हलवली ती त्याच दिवशी, आणि चौथ्या दिवशी ते गेले.

तू जे ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. तुझ्यापर्यंत जेवढं आलं तेवढं सगळं तू ऐकलंस. "खालच्या" हा शब्द माझ्या टेकडीवर गेला, तुझ्या कानावर नाही. तू वेळेत पोचला असतास का, ते मला सांगता येणार नाही. पण गेला असतास तू त्यांच्याकडंच.

आणि दुसऱ्या दिवशी, लोक दाजींना बाहेर काढत होते तेव्हा मी तिथं नव्हतो. तू विचारलंही होतंस, सत्या कुठाय. मी टेकडीवर होतो. ती सोय बंद करत होतो, म्हणजे कुणी तपासलं तर सापडू नये. तेव्हापासून रिपीटर दर पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी मरतो, आणि का मरतो ते मला एकट्याला माहीत होतं. आबांनी तुला बोल लावला तेव्हा मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू माझ्याकडं पाहिलंस. मी चपलेकडं पाहत होतो.

हे मी ताईला सांगितलं. २५ मेला, रविवारी, तिच्या ओसरीवर, दुपारी दोनला. आबांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण तुला बोल त्यांच्यासमोर लागला होता. मी उभ्यानंच सांगितलं, बसलो नाही. आबा मध्ये एकदाच बोलले, "आन् तू तीन वर्सं गप बसलास?" मी हो म्हणालो. मग ते उठून अंगणात गेले आणि पाठ करून उभे राहिले.

ताईनं एकच विचारलं. "माऊली त्यांना म्हणला व्हता, आलो, तितंच थांबा. त्ये त्यांना ऐकू गेलं आसंल का?"

खोटं बोलायची ती शेवटची जागा होती. मी म्हणालो, गेलं असणार. तोवर सेट जागा झाला होता. ते पूर्ण गेलं असणार.

"मंग त्ये थांबले," ती म्हणाली.

मी म्हणालो, हो.

ती आत गेली. सव्वातीन वाजायला आले तरी ती आतच. आबा परत येऊन खांबाला टेकून बसले होते. सेटचा आवाज उघडला. शब्द आला नाही. पाण्याचा आवाज आला. नळाचा किंवा ओढ्याचा नव्हे, पूर आलेल्या नदीचा, दगडावर आपटून फुटणाऱ्या पाण्याचा. घोडनदीत आत्ता गुडघाभरसुद्धा पाणी नाही. तो आवाज दोन मिनिटं चालला, घड्याळ लावून सांगतो. मग बंद. तेव्हा ताई बाहेर आली आणि म्हणाली, "आता त्ये सांगायचं थांबलं. आता नुसतं बसल्यात."

मी त्या दिवसापासून नीट झोपलेलो नाही, पण तो तुझा विषय नव्हे.

आबांनी बुधवारी पारावर सगळ्यांना बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. कुणी हात उगारला नाही, उगारला असता तर बरं झालं असतं. दोघातिघांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. समृद्धीला मैत्रिणींकडून काहीतरी ऐकावं लागलं, तिनं मला ते काय ते सांगितलं नाही. गटानं काम माझ्याकडून काढून घेतलं, आणि मग दुसऱ्या कुणाला ते येत नाही म्हणून अट घालून परत दिलं: वर जायचं ते दोघांनी, आणि जे करायचं ते वहीत लिहून सगळ्यांना वाचून दाखवायचं. अट बरोबर आहे. पहिल्यापासून असायला हवी होती.

तिसरा बसवला. तीस मिलिअँपिअर, झोपत नाही. पॅनल चार दिवस झाकून पाहिलं, चालला. आवाज थोडा बारीक येतो पण वाडीवस्तीपर्यंत पोचतो. प्रत्येक शब्द पोचतो, मी सत्तावीस वेळा तपासला. जुने दोन्ही सेट काढून मी आबांच्या ताब्यात दिलेत. सव्वातीनला पाणी मात्र अजून वाजतं, नव्या यंत्रातूनही. त्याचं कारण मी आता शोधत नाही.

तुझ्याकडं माफी मागायला माझ्याजवळ तोंड नाही, म्हणून मागत नाही. जे तुझ्यावर होतं ते माझं होतं, एवढं सगळ्यांसमोर सांगून झालंय, आणि ते तुला सगळ्यांच्या नंतर कळावं हेही माझंच चुकलं. आधी तुला लिहायला हवं होतं. ते धाडस नव्हतं.

हे पत्र ताईला वाचून दाखवलं. तिनं खाली जागा सोडायला सांगितली. ती काय लिहील मला माहीत नाही. लिहून झालं की तीच पाकीट बंद करणार आहे.

तुझ्या शेजारी उभा राहून गप्प बसलेला,
सत्यजीत


माऊली,

म्या अंजना लिवतेय. सत्यानं हे वाचल्यालं न्हाई.

म्या तुला म्हणले व्हते का तू माझं कुंकू पुसलं. पोपटआबांच्या म्होरं म्हणले. बुधवारी त्यांच्याच म्होरं, पारावर, ते माघारी घेतलं. सत्याचं जे हाय ते त्याचं. पण भावाला न विचारता बोलले, ते माझं हाय.

तू थांबा म्हणला आन् त्ये थांबले, ह्ये तुला खात आसंल. मला ठावं हाय, आईनं सांगितलं व्हतं तू जेवत न्हाईस. म्या लई इचार केला. त्यांना पोहता येत नव्हतं. थांबले नसते तर आधीच गेले आसते. थांबले तवा त्यांना वाटत व्हतं माझा मेव्हणा निघालाय. शेवटला येळ त्यांचा भरवशात गेला. ह्ये तू त्यांना दिलं. ह्यात तुझी चूक न्हाई.

आईला घिऊन ये. सकाळच्या यष्टीनं ये. दुपारी तीनच्या आत माघारी जायचं आसंल तर जा, म्या आडवणार न्हाई. थांबायचं आसंल तर आपण दोघं सेटच्या फळीखाली बसू.

अजून पाणीच वाजतं. पर काल त्या पाण्यात कुणीतरी बोलल्यावानी झालं. तुझं नाव घेतल्यावानी. मला नीट कळंना. तुला कळंल.

वाट बघते.

तुझी ताई